कॅरनच्या खोऱ्यात कुणी राहावं?

उत्साही : उत्तर स्कॉटलंडमधल्या आर्डगाय गावातून एक रस्ता निघतो आणि कॅरन नदीला धरून पश्चिमेकडे जातो. रस्ता एकपदरी आहे. समोरून गाडी आली की एकानं कडेच्या मोकळ्या जागेत थांबून वाट द्यायची आणि वाट मिळालेल्यानं हात वर करायचा, असा तिथला रिवाज. नदीचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, कारण ते पीटच्या दलदलीतून झिरपत येतं. सोळा-एक किलोमीटर आत गेल्यावर क्रॉइकचं छोटं चर्च लागतं, पुढे डोंगर आणि हरणं. मला या खोऱ्याची ओढ आहे, आणि ती देखाव्यापुरती नाही. हायलँड्सवर एके काळी पसरलेल्या स्कॉट्स पाइनच्या रानाचे जे मोजके तुकडे शिल्लक राहिले, त्यांतले काही इथे आहेत, अमाटला आणि अलाडेलला. पण हे तुकडे म्हातारे झाले होते. दीडशे-दोनशे वर्षांची झाडं उभी, आणि त्यांच्याखाली एकही रोप नाही. कारण उगवलेलं प्रत्येक रोप हरणं खातात. लांडगा स्कॉटलंडमधून सतराव्या-अठराव्या शतकात संपला, आणि पुढे शिकारीसाठी हरणांची संख्या मुद्दाम वाढती ठेवली गेली. म्हणजे आपण ज्याला हायलँड्सचं उघडंबोडकं सौंदर्य म्हणतो, ते खरं तर मरत चाललेलं रान आहे. अलाडेलची तेवीस हजार एकरांची इस्टेट २००३ मध्ये पॉल लिस्टर यांनी घेतली, हरणं कमी केली, लाखो देशी झाडं लावली, दलदलीतले जुने चर बुजवले. आता तिथे बर्च आणि रोवन कमरेइतके वर येताना दिसतात. शतकानुशतकं चाललेला ऱ्हास कुणीतरी थांबवतंय, हे पाहून मला मनापासून आनंद होतो.

साशंक : रोपं वर येतायत याचा आनंद मलाही होईल. पण तुम्ही क्रॉइकच्या चर्चवरून सरळ पुढे डोंगराकडे गेलात. मी तिथेच थांबतो. १८२७ मध्ये थॉमस टेलफर्डच्या आराखड्याप्रमाणे सरकारी पैशातून बांधलेलं साधं चर्च ते. त्याच्या पूर्वेकडच्या खिडकीला शंकरपाळ्यासारख्या आकाराच्या काचा आहेत आणि त्यांवर बाहेरच्या अंगानं अणकुचीदार वस्तूनं ओरखडून लिहिलेली अक्षरं आहेत. मे १८४५. जवळच्या ग्लेनकॅल्व्ही खोऱ्यातली अठरा कुटुंबं जमिनीवरून हाकलली गेली आणि त्यांतली बरीचशी माणसं या चर्चच्या आवारात, थडग्यांच्या मध्ये, ताडपत्री आणि घोंगड्या ताणून राहिली. पोरंसोरं, म्हातारी माणसं, एकूण ऐंशी-नव्वद जीव. लंडनच्या ‘टाइम्स’नं बातमीदार पाठवला होता. त्यानं लिहिलं की या लोकांचं भाडं थकलेलं नव्हतं. तरीही निघायला लागलं, कारण मेंढपाळीच्या मोठ्या ठेक्यात जास्त पैसा होता. मालक होता रॉबर्टसन ऑफ किंडीस, आणि त्याच्या वतीनं सगळं करणारा कारभारी जेम्स गिलँडर्स. ही माणसं घरी गेलिक बोलत. काचेवर मात्र त्यांनी इंग्रजीत लिहिलं. म्हणजे आपापसात सांगण्यासाठी ते नव्हतं; पुढे कुणीतरी परका येईल आणि वाचेल, या भरवशावर ते लिहिलेलं होतं. आणि त्यात एके ठिकाणी त्यांनी ग्लेनकॅल्व्हीच्या लोकांना पापी पिढी म्हटलंय. आपल्याच पापाची ही शिक्षा, असं त्यांना वाटायला लावलं गेलं होतं, असाच अर्थ मी लावतो. तुम्हाला जे मोकळं वाटतं ते मोकळं केलेलं आहे. ऱ्हास थांबवायचा तर कुठला ऱ्हास, कधीपासूनचा, हे आधी ठरवायला नको?

उत्साही : ती खिडकी मी विसरलेलो नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. पाइनचं रान १८४५ मध्ये किंवा मेंढ्या आल्यावर संपलं असं नाही. ते हजारो वर्षं आटत आलं. काही हवामान ओलं होत गेल्यानं, काही माणसाच्या कुऱ्हाडीनं, चराईनं. ग्लेनकॅल्व्हीच्या कुटुंबांचीही गुरं होती, बकऱ्या होत्या, त्यांनीही लाकूड तोडलं. त्यांना मी दोष देत नाही, जगायचं होतं त्यांना. पण ती माणसं आणि रान अगदी गुण्यागोविंदानं नांदत होती असं चित्र रंगवू नका. दुसरं म्हणजे पुढच्याच वर्षी, १८४६ मध्ये, हायलँड्समध्ये बटाट्यावर करपा पडला आणि काही वर्षं उपासमारीची गेली. हाकललं नसतं तर ती अठरा कुटुंबं त्या खोऱ्यात सुखानं राहिली असती, असं छातीठोकपणे सांगता येईल का? हायलँड्सची लोकसंख्या तिथल्या जमिनीला झेपेनाशी झाली होती, असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि ते सगळे जमीनदारांचे वकील नाहीत. अन्याय झाला, तो भयंकर होता. पण आजच्या रोपट्यानं त्या अन्यायाची भरपाई का करावी? १८४५ चं कर्ज बर्चच्या झाडाच्या नावावर टाकायचं हे मला पटत नाही.

साशंक : बटाट्याचंच घ्या. एवढ्याशा तुकड्यावर कुटुंब जगवायचं तर बटाट्याशिवाय दुसरं पीक नाही, म्हणून लोक बटाट्यावर आले. आणि तुकडा एवढासा का झाला? नदीकाठची चांगली जमीन आणि डोंगरातली उन्हाळी कुरणं दोन्ही मेंढ्यांकडे गेली म्हणून. पूर्वी उन्हाळ्यात बाया-पोरं काळी गुरं घेऊन वर जात, दगडमातीच्या खोपटांत राहत, लोणी-चीज करून शरद ऋतूत खाली येत. त्या चक्राचा अर्धा भाग कापून टाकला आणि उरलेल्या अर्ध्यात माणसं मावत नाहीत म्हणून त्यांना जादा ठरवलं. लोक मुकाट निघाले असंही नव्हे. ग्लेनकॅल्व्हीत १८४२ मध्ये नोटिसा घेऊन आलेल्यांना बायकांनी अडवलं आणि कागद जाळले. १८५४ च्या मार्च महिन्यात याच खोऱ्यात खालच्या अंगाला, ग्रीनयार्ड्सला, पोलिसांनी दांडक्यांनी बायकांची डोकी फोडली. पुढे शिक्षा झाली ती दंगल केली म्हणून गावातल्याच एका स्त्रीला आणि एका पुरुषाला. आज त्या उतारांवर चालताना तपकिरी हेदरच्या मधोमध अचानक हिरव्यागार गवताचा चौकोन दिसतो. शेकडो वर्षं शेणखत पडलेली ती जमीन, अजून तिला आपलं काम आठवतंय. जवळ जाऊन पाहिलं तर दगडी पाया, चुलीची जागा, आणि खाजखुजलीसारखी अंगाला लागणारी नेटलची झुडपं. तीही माणूस राहून गेलेल्या जागीच माजतात. त्या चौकोनात झाड लावायचं की नाही, हा प्रश्न तुमच्या पर्यावरणशास्त्राच्या पुस्तकात कुठे आहे?

उत्साही : तिथे झाड न लावणं सहज शक्य आहे, आणि जुन्या वस्तीच्या खुणा नोंदवून त्या जागा वगळण्याची पद्धतही आहे. तुमचा आक्षेप तेवढ्यानं मिटणारा दिसत नाही.

साशंक : नाही मिटत. माझा आक्षेप झाडावर नाहीच, निर्णय घेणाऱ्यावर आहे. या खोऱ्याचा अडीचशे वर्षांचा क्रम पाहा. आधी गुरं आणि माणसं होती. मग मालकानं ठरवलं की चेव्हिऑट मेंढी म्हणजे प्रगती. त्या काळच्या सर्वांत शिकल्या-सवरलेल्या लोकांनी त्याला सुधारणा म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. मग ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या लोकरीनं भाव पाडले. तेव्हा मालकानं ठरवलं की मेंढ्या काढा, हरणं ठेवा. १८६४ मध्ये रेल्वे आर्डगायपर्यंत आली होती, लंडनचे शिकारी रेल्वेनं थेट येऊ शकत होते. आता मालकानं ठरवलंय की हरणं कमी करा, झाडं वाढवा. प्रत्येक वेळी हेतू त्या त्या काळातला सगळ्यांत चांगला मानला गेलेला हेतू होता. बदललं नाही ते एकच : खोऱ्याचं काय करायचं हे एका माणसाच्या मर्जीवर आहे, आणि त्या मर्जीमागचा पैसा खोऱ्याच्या बाहेरून आलेला आहे. आपल्यासारख्या वाचकांनी तर हे तटस्थपणे पाहूच नये, कारण त्या पैशाची एक वाट आपल्याकडून जाते. आर्डगायच्या दक्षिणेला इव्हॅन्टन गावाच्या डोक्यावर फायरिश नावाची टेकडी आहे. तिच्यावर दगडी कमानींचं एक स्मारक उभं आहे, आणि ते तामिळनाडूतल्या नागपट्टणमच्या वेशीच्या धर्तीवर बांधलंय. १७६४ ची बक्सरची लढाई जिंकणाऱ्या आणि १७८१ मध्ये डचांकडून नागपट्टणम घेणाऱ्या सर हेक्टर मन्रोनं ते दुसऱ्या वर्षी उभारलं. गावकऱ्यांना रोजगार मिळावा म्हणून, असं सांगतात. याच मन्रोनं पुढे किल्डरमोरीची जमीन मेंढपाळ ठेकेदारांना दिली, आणि तिथल्या भांडणातून १७९२ चा उठाव पेटला. लोकांनी रॉस आणि सदरलंडमधल्या मेंढ्या गोळा करून दक्षिणेकडे हाकायला घेतल्या होत्या. सैन्य आणून तो मोडला.

उत्साही : हे मला नवीन आहे. म्हणजे इथल्या स्वाऱ्यांतून नाव आणि पैसा कमावलेला माणूसच तिथे मेंढ्या आणतो.

साशंक : आणि तिथून निघालेला माणूस बंदूक घेऊन आपल्याकडे येतो. २३ सप्टेंबर १८०३ ला भोकरदनजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी वेलस्लीची लढाई झाली. त्यात ७८ वी हायलँडर्स पलटण होती, ‘रॉस-शायर बफ्स’ म्हणून ओळखली जाणारी. १७९३ मध्ये सीफोर्थच्या मॅकेंझीनं मुख्यतः रॉस-शायर आणि लुइस बेटावर ती उभी केलेली. असईनंतर तिला निशाणावर हत्ती मिरवायचा मान मिळाला. म्हणजे कॅरनसारख्या खोऱ्यांतली पोरं आपल्या जालन्याच्या मातीत मेली, आणि त्यांच्या घरच्यांना पुढच्या दोन पिढ्यांत बाहेर काढलं गेलं. अजून एक. आर्डगायच्या उत्तरेला लेर्ग गाव आहे, तिथला जेम्स मॅथेसन. जार्डिन-मॅथेसन कंपनीचा भागीदार. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, जमशेटजी जीजीभॉय हे त्या व्यापारातले त्यांचे इथले मोठे सहकारी. त्या पैशातून मॅथेसननं १८४४ मध्ये आख्खं लुइस बेट घेतलं. करप्याच्या काळात त्यानं लोकांना धान्य दिलं, हे खरंच. पण नंतर शेकडो कुटुंबांना जहाजात बसवून कॅनडाला धाडलं, हेही खरं. भला मालक आणि वाईट मालक एकाच माणसात होते, आणि लुइसच्या लोकांच्या हातात यातलं काहीच नव्हतं.

उत्साही : इथे मला तुमच्याशी नीट भांडायचं आहे. पैशाचं मूळ शोधत गेलं तर जगातली कुठली जमीन शुद्ध राहील? आणि तुमच्या मालिकेत तुम्ही एक फरक बुजवलात. मेंढ्यांचा मालक आणि शिकारीचा मालक जमिनीतून काढून घेत होते. इथे पहिल्यांदा कुणीतरी जमिनीत घालतंय. हरणं कमी करणं म्हणजे इस्टेटीची बाजारातली किंमत कमी करणं, कारण हायलँड्समध्ये कैक वर्षं इस्टेटीचं मोल तिथे दरवर्षी किती नर हरणं मारता येतात यावर ठरत आलं. ते नुकसान सोसायला तयार असलेला मालक दुर्मिळ. आणि काम पाहा. हजारो एकरांच्या मेंढपाळीला एखाद-दुसरा मेंढपाळ नि त्याची कुत्री पुरत. रोपवाटिका, कुंपणं, दलदलीची दुरुस्ती, हरणांची मोजणी आणि शिकार, पाहुण्यांचं लॉज, शाळेतल्या मुलांना डोंगरात नेणारे कार्यक्रम, या सगळ्याला हात लागतात. शिवाय स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्यानं कुणालाही, जबाबदारीनं वागलं तर, खासगी डोंगर-रानातूनही चालत जाण्याचा हक्क दिलेला आहे. मालक कुणीही असो, खोरं सगळ्यांना खुलं आहे. असा हक्क युरोपातल्या फार थोड्या देशांत आहे.

साशंक : त्याच हक्कावर अलाडेलची गाडी अडली, हे तुम्हाला माहीत असेल. तिथे लांडगे परत आणायचा मालकाचा बेत होता. ते आणायचे तर भलं थोरलं कुंपण हवं, आणि कुंपण घातलं की चालणाऱ्यांचा हक्क संपतो. मेंढपाळ विरोधात, डोंगर चढणारे विरोधात. वीस वर्षं त्यावर चर्चा चालू आहे आणि लांडगा आलेला नाही. मला वाटतं, तो वाद लांडग्याचा नव्हताच. लोकांना त्यात जुनी गोष्ट ऐकू आली : कुणीतरी पुन्हा खोऱ्याला भिंत घालतोय. आणि चालत जायचा हक्क ही मोठी गोष्ट आहे, मान्य. पण तो पाहुण्याचा हक्क आहे. मी त्या खोऱ्यात दिवसभर हिंडू शकतो, तिथे घर बांधू शकत नाही. आर्डगाय किंवा बॉनर ब्रिजच्या एखाद्या तरुण जोडप्याला खोऱ्यात राहायचं असेल तर जागा कुठून आणणार? मालकानं विकली तरच. आणि विकायला निघालेलं घर सुट्टीपुरतं येणारा जास्त पैसे देऊन घेतो. स्कॉटलंडमधल्या खासगी ग्रामीण जमिनीपैकी निम्मी ४३२ मालकांच्या हातात आहे, असा आकडा दहा-बारा वर्षांपूर्वी पुढे आला आणि त्यावर खूप बोललं गेलं. हे असं इतर कुठल्या लोकशाहीत चालत असेल तर दाखवा. दुसरा मार्ग मुळी नाहीच असंही नाही. १९९३ मध्ये ॲसिंटच्या क्रॉफ्टरांनी, म्हणजे तिथल्या छोट्या खंडकरी शेतकऱ्यांनी, वर्गणी जमवून एकवीस हजार एकरांची नॉर्थ लॉखिन्व्हर इस्टेट तीन लाख पौंडांना घेतली. १९९७ मध्ये एग बेट तिथल्या रहिवाशांच्या ट्रस्टनं घेतलं. तेव्हा बेटावर साठ-पासष्ट माणसं होती, आता शंभरावर आहेत. वारा, पाणी आणि ऊन यांवर चालणारी स्वतःची वीज आहे. आणि त्या ट्रस्टमध्ये वन्यजीव संस्थाही भागीदार आहे. माणूस आणि रान यांपैकी एकच निवडा, असं एगवर कुणी सांगितलं नाही.

उत्साही : एगचं उदाहरण मलाही आवडतं, म्हणूनच त्यातली अडचण सांगतो. एगवर साठ माणसं होती. ॲसिंटला क्रॉफ्टर होते, त्यांच्या आज्यांनी कसलेली जमीन त्यांच्या हातात होती. ग्लेनकॅल्व्हीला कोण आहे? अलाडेलच्या वरच्या अंगाला कोण आहे? गावानं जमीन घ्यावी म्हणता, पण तिथे गावच नाही. आर्डगायच्या लोकांनी घ्यावी? ते खाली राहतात, त्यांच्यातले कितीतरी अलीकडे दक्षिणेकडून येऊन स्थायिक झालेले. हाकललेल्यांशी त्यांचं नातं माझ्याइतकंच. मग कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या वंशजांनी घ्यावी? ते उन्हाळ्यात येतात, चर्चची खिडकी पाहतात, रडतात आणि परत जातात. त्यांचं दुःख खरं आहे, पण मेंढरं राखायला त्यांच्यातलं कोण राहील? तुम्ही मालकाला विचारता, तुला हा हक्क कुणी दिला. मी विचारतो, दुसरा कोण हक्कदार उभा आहे ते तरी दाखवा.

साशंक : हा तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि मला त्यातच खरा घाव दिसतो. कायदा पाहा. २००३ च्या कायद्यानुसार मालक जमीन विकायला निघाला तर स्थानिक लोकांच्या संस्थेला पहिला हक्क मिळू शकतो. स्थानिक कोण, तर ठरावीक पिनकोडांच्या हद्दीत आज राहणारे. त्याआधी १८८६ चा क्रॉफ्टर कायदा पाहा. स्काय बेटावर, लुइसवर लोकांनी लढे दिले, नेपियर आयोग बसला, आणि अखेर कूळ जमिनीवरून काढता येणार नाही असं संरक्षण मिळालं. कुणाला मिळालं? जे १८८६ मध्ये जमिनीवर शिल्लक होते त्यांना. ग्लेनकॅल्व्हीच्या वाट्याला काही आलं नाही, कारण तिथे कुणी शिल्लक नव्हतं. दोन्ही कायदे चांगले, दोन्ही लढून मिळवलेले, आणि दोन्हींचा न्याय एकाच जागी अडतो : जिथली माणसं अर्धवट हाकलली गेली तिथे पोहोचतो, जिथली पूर्ण हाकलली गेली तिथे पोहोचत नाही. गिलँडर्सनं आपलं काम जितकं चोख केलं तितकं ते आजपर्यंत टिकलं. हक्कदार दाखवा असं तुम्ही म्हणता तेव्हा तुम्ही नकळत त्या चोखपणाचा फायदा आजच्या मालकाला देता.

उत्साही : हे मी नाकारू शकत नाही. पण नाकारता येत नाही म्हणून मार्ग सापडतो असंही नाही. समजा उद्या सरकारनं ठरवलं, खोरं पुन्हा वसवायचं. कुणासाठी? हायलँड्समधल्या ज्या गावांतून कुणालाच हाकललं नाही तिथूनही पोरं शिकायला म्हणून एडिनबराला जातात आणि परतत नाहीत. मालकी हेच एक कारण असतं तर ती गावं भरलेली दिसली असती. हिवाळ्यात चार वाजायच्या आत अंधार, इस्पितळ तासाभरावर, शाळेत मुलं कमी झाली की शाळा बंद व्हायची टांगती तलवार. अशा ठिकाणी माणूस कशासाठी राहील, हा प्रश्न जमीन कुणाच्या नावावर आहे यापेक्षा मोठा आहे. आणि माझं उत्तर झाडाकडेच जातं. जिवंत रान असेल तर कामं असतील. लाकूड, मासे, पर्यटन, मधमाश्या, संशोधन. उघड्या डोंगरावर काय आहे? नॉर्वेच्या नैर्ऋत्येला हवामान जवळपास असंच आहे, तिथे रान परतलंय आणि शेतंही छोटी आणि वस्तीची आहेत.

साशंक : नॉर्वेचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं. तिथे त्या रानाचे मालक बहुतेक ते छोटे शेतकरीच आहेत. तिथे शंभर-शंभर एकरांचे हजारो मालक, इथे तेवीस हजार एकरांचा एक. रान परतलं ते माणसं असताना परतलं, माणसं काढून नव्हे. तुम्हाला मी एवढं देतो : मालकी बदलल्यानं पोरं आपोआप थांबणार नाहीत. पण मालकी न बदलता त्यांनी थांबायचा नुसता प्रयत्न करायचा तरी कसा? स्कॉटलंडमध्ये आता वुडलँड क्रॉफ्ट नावाची तरतूद आहे. थोडं रान, त्यात एक घर, आणि रानाची देखभाल करून राहायची जबाबदारी. मी अलाडेलच्या मालकाला झाडं उपटायला सांगणार नाही. मी विचारीन, या लाखो झाडांच्या कडेला असे वीस क्रॉफ्ट काढून द्यायला काय हरकत आहे? कुणाला द्यायचे ते आर्डगाय-क्रॉइकच्या लोकांनी ठरवावं.

उत्साही : वीस क्रॉफ्टना माझी हरकत नाही, उलट मी त्याच्या बाजूनं उभा राहीन. पण ठरवण्याचा हक्क आल्यावर तो वीसपुरता कसा थांबेल? पंधरा वर्षांनी त्या वीस घरांतल्या बाराजणांनी म्हटलं की सरकारी अनुदान चांगलं आहे, डोंगरावर सिटका स्प्रूसची लागवड करू, रांगेत, चाळीस वर्षांत तोडायला येणारी. किंवा सगळ्या कड्यांवर पवनचक्क्या घेऊ, भाडं मिळेल. किंवा हरणं वाढवा, शिकारी जास्त पैसे देतात. त्यांचं पोट त्यावर असेल, त्यांना चूक म्हणणारा मी कोण? पण स्कॉट्स पाइनचं रोप रान व्हायला दोनशे वर्षं घेतं. एवढ्या काळासाठी कुणीतरी शब्द द्यायला हवा. एका मालकावर माझा विश्वास आहे असं मी म्हणत नाही. तो मरेल, वारस विकतील, हे मला दिसतं. पण दर पाच वर्षांनी निवडून येणाऱ्या गावसमितीवर दोनशे वर्षांचं ओझं ठेवायला मला त्याहून जास्त भीती वाटते.

साशंक : ॲसिंटच्या क्रॉफ्टरांनी जमीन हातात आल्यावर देशी झाडांची मोठी लागवड केली. गाव म्हणजे लगेच स्प्रूस आणि पवनचक्की, हे गृहीत धरू नका.

उत्साही : केली, आणि चांगली केली. पण नसती केली तरी तुम्ही त्यांच्याच बाजूनं उभे राहिला असता. खरं ना?

साशंक : हो, उभा राहिलो असतो. तुमची भीती मला पोकळ वाटत नाही. गावानं निवडलं आणि त्या निवडीत तो उरलेला पाइनचा तुकडा संपला, तर मला वाईट वाटेल आणि तरीही निवड त्यांचीच होती असं मी म्हणेन. तुम्हाला ते म्हणता येणार नाही. आपल्यातला फरक इतकाच आणि इथेच आहे. तुम्ही रानाला खोऱ्याचा असा रहिवासी मानता ज्याला मत देता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं कुणीतरी बोलायला हवं. मी १८४५ च्या अठरा कुटुंबांना तसं मानतो. त्यांनाही मत देता येत नाही, त्यांचीही बाजू कुणीतरी मांडायला हवी. दोघांच्याही वतीनं बोलणारा आज एकच माणूस आहे, सातबारा ज्याच्या नावावर तो. त्याच्याकडून हे काम काढून घ्यावं असं मला वाटतं, पण घेऊन कुणाच्या हाती द्यावं याचं उत्तर तुमच्या दोनशे वर्षांच्या हिशेबात टिकेल असं मला अजून सापडलेलं नाही.

उत्साही : मग आपण मालकापासून सुरुवात न करता तिथून करू. दोनशे वर्षं टिकणारी, गावाला नाही म्हणू शकणारी आणि तरी गावाचीच असणारी संस्था कशी असेल? एगच्या ट्रस्टमध्ये वन्यजीव संस्थेला जागा आहे म्हणालात. तिला तिथे नकाराधिकार असावा का?

साशंक : नकाराधिकार नसावा. जागा असावी, आवाज असावा. नकाराधिकार दिला की तो नवा जमीनदारच झाला.

उत्साही : आणि नाही दिला तर रोपट्याच्या बाजूनं फक्त विनंती उरते.